मुकादमाचा पहिला हिवाळा

माझं वय साठीला टेकलं तरी मी माझ्या गावचा हिवाळा पाहिला नव्हता. असं सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा थट्टा करतो आहे. गाव तिवशाच्या अलीकडे, अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या सडकेला चिकटून. घर तिथं, वावर तिथं, बायको-पोरगा तिथं. पण दिवाळी झाली की मी कापसाच्या बंड्या घेऊन निघायचो, तो मृगाच्या तोंडावर घरी यायचो. मुकादम म्हणून तीस वर्षं हाच नेम, त्याआधी लहानपणापासून बापाच्या बंडीमागं. माझ्या गावात थंडी कशी पडते, हे मला माझी बायको रुखमा सांगेल तेवढंच ठाऊक.

धंदा काय होता ते आधी सांगतो. आता रेल झाली, आणि पोरांना वाटतं कापूस पहिल्यापासून डब्यात बसूनच जात होता. मी बंड्यांचा मुकादम. बंडी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलगाडी. अमरावतीच्या सेठजींनी कापसाचे बोजे बांधून द्यायचे आणि मी तीस-चाळीस बंड्यांचा काफिला करून ते घाट उतरून समुद्राकाठच्या बंदरावर न्यायचे. बंड्या आणि बैल गाडीवानांचे, पण वाट माझी. पाणी कुठं, मुक्काम कुठं, कुठल्या उतारावर बंडीमागं ओंडका बांधून फरपटत न्यायचा म्हणजे भरली बंडी बैलांच्या अंगावर जाणार नाही, हे सगळं मुकादमानं ठरवायचं. नाक्यावरची राहदारीची चिठ्ठी वाचता यावी म्हणून मी अक्षरं शिकलो, तीच आज हे लिहायला कामी येत आहेत.

कापसाचे वैरी चार: आग, धूळ, दव आणि गुमास्ता. आगीचा बंदोबस्त मी पक्का केला होता. माझ्या काफिल्यात चिलीम ओढायची तर बंड्यांपासून इतकं लांब जावं लागे की निम्म्या लोकांनी कंटाळून ती सोडूनच दिली. त्यांच्या बायका मला अजून दुवा देतात. धूळ नको म्हणून बोज्यांवर तरट टाकता येतं. पण दवापुढं माझं काही चालत नसे. कापूस रात्रभर दव पितो, आणि पोचल्यावर सेठजींचा गुमास्ता बोज्यात कोपरापर्यंत हात घालून डोळे बारीक करून म्हणतो, "मुकादम, वाटेत पाणी मारलं काय?" मग शपथा, मग भांडण. थंडी म्हणजे दव आणि दव म्हणजे भांडण, एवढंच माझं हिवाळ्याचं ज्ञान.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुकादमाची ओळख त्याच्या हाळीवरून पटते. पहाटे मी चाबूक हवेत एकदा कडाडवायचो आणि लांब हाळी द्यायचो, "होऽऽ, चला लेकहोऽऽ!" गाडीवान डोळे चोळत असायचे, तोवर बैल उठून उभे. या रस्त्यावरचा बैल एकदा माझ्या काफिल्यात चालला की ती हाळी विसरत नसे. माणसं विसरली, बैल नाही विसरले. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

मग ती कापसाची धामधूम आली. साता समुद्रापार कुठल्याशा मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. लोकांनी अंगणातली तुळस तेवढी ठेवली, बाकी मिळेल तिथं कापूस पेरला. तेल्हाऱ्याकडं माल उचलायला गेलो असता एक भला गृहस्थ हात जोडून वाटेत उभा राहिला. त्याच्याकडे लग्न होतं. त्यानं घरच्या साऱ्या गाद्या उसवून कापूस काढला होता. तो माझ्या बंडीवर चढवा म्हणाला. मी विचारलं, "अन पाहुने झोपले कशावर?" तर म्हणाला, "कडब्यावर. कडबा थंडीचा गरम रायते." नवरदेवाच्या केसात कडब्याच्या काड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तो जुना, दबलेला कापूस मी घेतला नाही. पण माझ्यामागून आलेल्या दुसऱ्या कुणी घेतला असणार, असे ते दिवस.

याच दिवसांत रेल वऱ्हाडात शिरू लागली. दर साल रूळ जवळ येत गेले आणि माझा रस्ता आखूड होत गेला. पण काम कमी झालं नाही, उलट वाढलं. शेगाव-अकोल्याकडं माल झपाट्यानं पोचवायचा, परत यायचं, पुन्हा भरायचं. जाणत्या मुकादमाला सेठजी पालखीत बसवायला तयार होते. आणि नेमक्या त्याच वेळी मी बंड्या सोडल्या.

कारण सांगितलं तर हसाल. आमच्या सडकेकडच्या वावराच्या बांधावर एक काटेसावर होती. मी तिला पावसाळ्यातच पाहिलेलं. अंगभर काटे, ना फळ ना फूल. ज्येष्ठात घरी आलो तेव्हा म्हटलं, "ह्या वर्षी सावर तोडून टाकतो. बिनकामाची हाये."

रुखमा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "बिनकामाची? माघात ते लाल भडक होते तं सडकेवरचे मानसं थांबून पायते. पाखरं तं दिवसभर भांडते तिच्यावर. तुमाले कसं मालूम राहीन? तुमी तवा सेठजीचा कापूस राखून राहिले रायता."

ती हे चिडून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. मला सरळ सांगायचं तर राग आला. माझ्याच बांधावर दर वर्षी एवढा सोहळा होतो आणि मालकाला पत्ता नाही! घाटातले पळस फुललेले मी पाहिले होते, परक्या गावांचे मोहोर पाहिले होते, पण ते चालत्या बंडीवरून, आणि डोक्यात गुमास्ता. पावसाळा सोडला तर आपल्या जागी बसून एक ऋतू येताना आणि जाताना मी कधी पाहिलाच नव्हता. हाताशी वर्षं किती उरली हे कुणाला ठाऊक? मी ठरवलं, या दिवाळीला जायचं नाही.

माझा मुलगा गणपत तेव्हा ऐन पंचविशीतला, कामाला वाघ आणि बोलायला रोखठोक. तो म्हणाला, "बाबा, साऱ्या जगाच्या पायाले भिंगरी लागली, अन तुमी आताच बसता?"

"बसत नाई. पेरतो."

"काय पेरता?"

"जवारी. सडकेकडच्या वावरात."

गणपतनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्या वावरात मीठ पेरतो म्हणालो होतो. गावात बातमी गेली. कापसाचा असा भाव असताना ज्वारी पेरणारा माणूस बघायला लोक मुद्दाम येऊन गेले. शेवटी बापलेकांत करार झाला. आमच्या घरी ज्वारी पेवात भरत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड लहान, पोट मोठं. आमच्या घरची रीत अशी, की भरण्याआधी रिकाम्या पेवात घरचं एक माणूस उभं करायचं आणि त्याच्या गळ्यापाशी भिंतीवर गेरूची रेघ मारायची. रेघेपर्यंत दाणा आला म्हणजे वर्षाची भाकर घरात आली. गेली काही वर्षं कापसाच्या नादात पेव रिकामंच होतं आणि आम्ही ज्वारी विकत आणत होतो.

गणपत म्हणाला, "रेघेपर्यंत पेव भरलं, तं मी सडकेकडच्या वावरात कापसाचं नाव काढनार नाई. नाई भरलं, तं पुढल्या दिवाळीले तुमी बंड्या घेऊन निघा, अन वावर मले द्या."

"कबूल," मी म्हणालो. मुकादमाचा शब्द होता. वाटेतला शब्द मी कधी मोडला नव्हता, हा मोडणं तर शक्यच नव्हतं.

पाऊस बरा झाला. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली, कणसं पसरली, आणि मी गावातून छाती काढून हिंडू लागलो. चूक ध्यानात आली ती कार्तिकात, कणसात दूध भरलं तेव्हा. शिवारात जिकडे बघाल तिकडे कापूस. कापूस काही चिमणी खात नाही. मग साऱ्या पंचक्रोशीतल्या पाखरांनी जायचं कुठं? चिमण्या आल्या, राघू आले, आणि एका सकाळी भोरड्या आल्या. भोरड्या ठाऊक आहेत ना? काळ्या-गुलाबी, मैनेच्या जातीच्या, थव्यानं येतात आणि थव्यानंच जेवतात. आभाळाचा एक तुकडा खाली आल्यासारखा थवा उतरला आणि माझ्या ज्वारीची ताटं वाकली. इतर वर्षी ही पाखरं शंभर वावरांत वाटली जात. या वर्षी सगळ्यांचं आमंत्रण एकट्या मुकादमाकडं. मी पीक नव्हतं घेतलं, भंडारा घातला होता.

वावरात चार दांडक्यांवर माळा बांधला आणि गोफण घेऊन वर बसलो. गोफण फिरवणं हा लहानपणापासूनच्या सरावाचा मामला, आणि मी ते दिवस बैलांमागं घालवलेले. पहिला गोटा माझ्या मागं गेला. दुसरा रुखमाच्या डोक्यावरच्या भाकरीच्या टोपलीवर बसला. तिनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "पाखरं तिकडं हायेत."

मग मी चाबूक काढला. माळ्यावर उभा राहिलो, हवेत कडाडवला आणि पोटातून हाळी दिली, "होऽऽ, चला लेकहोऽऽ!" थवा भर्रकन उठला. वा रे मुकादम, मी स्वतःला म्हणालो. पुढचे काही दिवस वावरात माझंच राज्य होतं.

एक दिवस दुपार कलताना भोरड्या परत आल्या. मी ताकदीनं चाबूक ओढला आणि नेहमीपेक्षा लांब हाळी दिली. त्याच वेळी सडकेवर, विहिरीपाशी, कापसानं भरलेल्या बंड्या जुंपलेल्याच उभ्या होत्या. गाडीवान पाणी प्यायला उतरलेले. माझी सडकेकडं पाठ, मला ते दिसले नाहीत. बैलांना मात्र हाळी चांगली ऐकू गेली. सगळ्या बंड्या एकदम हलल्या आणि अमरावतीच्या दिशेनं चालू लागल्या, वर माणूस एकही नाही. गाडीवान हातातले लोटे टाकून मागं धावले. शेवटची बंडी नालीत कलंडली आणि बोजे धुळीत गडगडले.

काफिल्याचा मुकादम होता करीमभाई. माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता माझ्या जागी. तो ज्वारी तुडवत माळ्याखाली आला, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला. "मुकादम, घरी बसाचं तं पुरं बसा ना! तुमी घरी, अन आवाज रस्त्यावर!"

मी खाली उतरलो. गणपत आला, शेजारचे आले, सगळ्यांनी मिळून बंडी उभी केली, बोजे झाडून चढवले. घाम पुसत करीमभाई माझ्याजवळ बसला आणि त्याचा आवाज खाली आला. "वापस चला ना. बैल मायं ऐकत नाई तेवढं तुमचं ऐकते. सेठजी रोज नाव काढून राहिले तुमचं. हे चिड्या हाकलनं तुमचं काम हाये काय?"

खरं सांगतो, मन हललं. समोर ओळखीच्या बंड्या, वंगणाचा वास, मान हलवणारे बैल. आणि इकडे माझी ज्वारी, जिच्यावर भोरड्या पुन्हा उतरत होत्या, कारण राखणदार गप्पा मारत बसला होता. गणपतही उत्तराची वाट बघत होता. मी उठलो. "करीमभाई, मी तीस हिवाळे तुमाले देले. हा माया हाये," म्हटलं आणि चाबूक त्याच्या हातात दिला. माझ्याकडं राहिला असता तर पुन्हा वाजला असता.

संध्याकाळी रुखमा माळ्यापाशी आली. "दिवसभर काहून वरडता? पाखरं काय दिवसभर खाते? सकायी उन पडेपरेंत अन सांजच्याले, बस. दुपारी ते झाडावर जाऊन झोपते. तवा तुमीबी गप बसा. अन सकायी माळ्यावर नोका बसू, तासातून चाला. मानूस हालताना दिसला का ते टिकत नाई."

तिला हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "कोन शिकवन? मी इथंच होती ना."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या सांगण्याप्रमाणं वागू लागलो. अंधुक उजेडात वावरात शिरायचं आणि ज्वारीच्या ओळींतून चालत राहायचं, ऊन तापेपर्यंत. पुन्हा उतरत्या उन्हात तेच. गुडघे कुरकुरले, मी ऐकलं नाही. पहिल्याच सकाळी पानापानांवरचं दव माझ्या खांद्यांवरून, पाठीवरून ओघळलं, धोतर भिजून पायाला चिकटलं, आणि मी वावराच्या मधोमध उभा राहून एकटाच मोठ्यानं हसलो. दव! ज्याच्यापायी मी इतक्या शपथा घेतल्या, ते हे. भिजवायला कापूस नाही, हात घालायला गुमास्ता नाही. ते दव नुसतं दव होतं आणि फार सुंदर होतं. साठ वर्षांच्या माणसानं असं म्हणावं का? मी म्हणतो.

मग रोज काहीतरी नवं दिसू लागलं. खरं तर ते जुनंच होतं, मीच नवा होतो. शेजारच्या हरभऱ्यावर बायका पहाटे पातळ फडकं पसरतात, ते दवानं भिजलं की पिळून आंब, म्हणजे जीभ झोंबवणारं आंबट पाणी, काढतात, पोटदुखीवर देतात. रुखमानं ती माझ्या जिभेवर टेकवली आणि माझं तोंड बघून पदर तोंडाला लावला. दुपारी पाखरं झोपली की मी माळ्यावर पडून आभाळ बघायचो. एका दुपारी खूप उंचावरून करकोच्यांची रांग गेली, त्यांचा आवाज आधी आला आणि रांग नंतर दिसली. संध्याकाळी भोरड्यांचा थवा निजायला जायच्या आधी नाल्यावर वळायचा, आवळला जायचा, पसरायचा. दिवसा मी त्यांना शिव्या द्यायचो, संध्याकाळी त्यांच्यासाठी थांबायचो. पुढच्या फेरीला करीमभाई मुद्दाम उतरला. आम्ही बांधावर आगटी पेटवली, कोवळी कणसं भाजली, आणि गरम हुरडा तळहातावर चोळून खाताना तो म्हणाला, "मुकादम, आता समजलं तुमी काहून येत नाई." त्यानंतर त्यानं मला परत चला म्हटलं नाही.

ज्वारी काढली तेव्हा पौष होता. खळ्यावर बैल फिरले, वारा आला तसं उफणलं. माघ लागला तशी सावर फुलली. एकही पान नाही आणि फांदीफांदीवर लाल. मी तिच्याखाली जाऊन उभा राहिलो. खरंच पाखरं भांडत होती, त्यांच्या भांडणात फुलं टपटप खाली पडत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

पण खळ्यावरच्या राशीभोवती मी दोनदा फिरून आलो. मी आयुष्यभर माल डोळ्यानं मोजला आहे. कुठल्या बंडीत किती मावेल हे मला तराजूशिवाय कळतं. पेवात ओतली तर रास माझ्या गळ्याला लागणार नाही, छातीशीच थांबेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. पाखरांनी त्यांचा वाटा नेला होता. गणपतचीही नजर तयार होती. त्यानं राशीकडं पाहिलं, मग माझ्या गळ्याकडं.

माघात पेव उघडलं. हवा खेळू दिली, झाडलं, शेणानं सारवून वाळवलं. पेवाच्या तोंडाशी गणपत, मी आणि रुखमा. हातात गेरू घेऊन गणपत म्हणाला, "उतरा बाबा." मी पागोटं काढून ठेवलं. शब्द दिला होता. दिवाळीला निघायचं, करीमभाईकडून चाबूक परत घ्यायचा, हे सगळं त्या घडीला मी मनात मान्य केलं होतं. फक्त शिडीवर पाय ठेवायचा होता.

"तुमी काहून उतरता?" रुखमा म्हणाली. तिनं पदर खोचला, मला बाजूला सारलं आणि शिडी उतरून पेवात जाऊन उभी राहिली. ती मला खांद्यालाही पुरत नाही. खालून तिचा आवाज घुमला, "गनपत, मार रेघ."

"माय, असं कसं? रेघ बाबाची पायजे."

"बाबाची? पेव माघात भरते लेका. माघात तुया बाप घरी कवा होता? त्यायची रेघ या पेवात कदी नवतीच. तू झाला तवापासून इथं मीच उभी राह्यली. माया गळ्याएवढ्या जवारीवर तू एवढा मोठा झाला."

गणपत माझ्याकडे बघू लागला. मी जमिनीकडे बघत होतो. ती बोलली त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि मी ते त्या दिवसापर्यंत एकदाही विचारलं नव्हतं. मग गणपत शिडीवरून दोन पायऱ्या उतरला, वाकला, आणि आईच्या गळ्यापाशी भिंतीवर गेरूची रेघ ओढली. हात देऊन तिला वर घेतलं.

आम्ही तिघांनी टोपल्या ओतल्या. ऊन खाली गेलं तेव्हा रेघ दाण्याखाली झाकली गेली होती. गणपत पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसून आत डोकावला. मग मान वर न करता म्हणाला, "बाबा, येत्या मिरगाले सडकेकडच्या वावरात काय पेराचं?"

"जवारी," मी म्हणालो.